ताप चढला म्हणून टाका मांस कापत नाही

डॉक्टर, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं: तापवला की आपल्या मूळ आकाराकडे परतणारा, नंतर शरीरात विरघळणारा टाक्यांचा धागा 2002 पासून ऐकतोय, ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कधी दिसला नाही, रुग्णाला ताप चढला तर गाठ आवळून मांस कापेल, आणि ॲब्सॉर्ब हा विरघळणारा स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बुडाला तिथेच विषय संपला.

तापाचं आधी. आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर या संशोधकांचा तो धागा आधीच ताणून ठेवलेला असतो. सैल गाठ मारून 40 अंशांपर्यंत तापवला की त्याला ताणलेला धरून ठेवणारे कॅप्रोलॅक्टोन या घटकाचे स्फटिक वितळतात आणि धागा मूळ लांबीकडे आखडतो. किती जोराने, ते आधी किती ताणलं होतं त्यावर ठरतं. नंतर 104 फॅरनहाइट ताप आला तरी पहिल्यापेक्षा जास्त जोर त्यात येणार कुठून? खरी भीती वेगळीच आहे, ती तुम्ही मांडली नाहीत. मे महिन्यात नागपूरच्या गोदामात हा माल पडून राहिला तर पाकिटातच आखडेल! वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे 121 अंश तर विसराच.

ॲब्सॉर्ब 2017 मध्ये बाजारातून गेला हे खरं. पण तो फुग्याने उघडायचा, आकाराच्या स्मृतीवर नव्हे. तो ज्या विरघळणाऱ्या प्लास्टिकचा होता ते पॉलिलॅक्टिक आम्ल धातूइतकं मजबूत नसतं, म्हणून जाळीच्या काड्या सुमारे 150 मायक्रॉन जाड ठेवल्या आणि रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण वाढलं. हा फटका ‘विरघळणारं’ या अर्ध्या भागाला बसला. तिथे मी तुमच्याच बाजूचा.

स्मृतीवर उघडणारा स्टेंट शोधायचा तर जपानचा इगाकी-तामाई स्टेंट बघा. 1998 ते 2000 दरम्यान 50 रुग्णांना बसवला. फुग्यात गरम केलेला कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणात दिसणारा द्रव) भरून तो उघडायचा आणि मग शरीराच्या उष्णतेवर हळूहळू आणखी फुलायचा. औषधाचा लेपही नव्हता. साधारण तीन वर्षांत बहुतेक काड्या नाहीशा झाल्या, आणि त्या रुग्णांचा मागोवा दहा वर्षांहून जास्त काळ घेतला गेला.

मग ओटीत धागा का नाही? माझ्या मते, उघड्या जखमेवर तुमचा हात चांगली गाठ मारतोच आणि साधा विरघळणारा टाका तिथे पुरतो. एवढ्यासाठी नव्या पदार्थाच्या चाचण्यांचा खर्च कोण करणार? गरज आहे ती बोटं पोचत नाहीत तिथे. लॅपरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, खोलवर गाठ मारताना ती सैल राहण्याचा त्रास तुम्हाला कितपत होतो, हे जरूर लिहा. पुढच्या लेखात घ्यायचं आहे.