कोड सांगतो कारखान्यातला रंग, दारावरचा नव्हे

जुन्या जीप, लँड रोव्हर अशा गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. तो असा: ‘गाडीच्या माहितीच्या प्लेटवरचा कलर कोड बघा, त्या कोडचा रंग आणा. गंजावर रस्ट कन्व्हर्टर फासा, वर दोन हात मारा. शेड जुळली नाही तर थोडा पांढरा किंवा काळा मिसळा. शेवटी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आणि पॉलिश. एका दुपारचं काम, डाग शोधून सापडणार नाही.’

यातलं कोड शोधणं तेवढं ठीक. बाकीच्या गोष्टी केल्या तर डाग लपत नाही, उलट त्याला चौकट मिळते.

‘कोड मिळाला की रंग जुळला’

कोड म्हणजे गाडी नवी असतानाच्या रंगाचा फॉर्म्युला. त्यानंतर पत्र्याने चाळीस-पन्नास उन्हाळे काढलेले असतात. उन्हाने एनॅमलचा, म्हणजे जुन्या तेलरंगाचा, वरचा थर झिजतो, रंगद्रव्य मोकळं पडतं आणि बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागते. लाल गुलाबीकडे सरकतो, गडद हिरवा राखाडीकडे. तेही सगळीकडे सारखं नाही: बॉनेट जास्त विटतं, दार कमी, चाकामागचा भाग त्याहून कमी. मध्ये कधी गाडी पुन्हा रंगवली असेल तर प्लेटचा आणि पत्र्यावरच्या रंगाचा संबंधच उरत नाही. डॅशखाली, सीटखाली किंवा बिजागरीच्या मागे डोकावलं की मूळ रंग दिसतो. पण ओरखडा दारावर असेल तर जुळवायचं दाराशी, डॅशखालच्या रंगाशी नाही.

आधी डागाशेजारची वीतभर जागा धुऊन रबिंग कंपाउंडने घासा. पूड निघून खाली जो रंग उघडा पडतो, तो आजचा खरा रंग. मळक्या पत्र्याशी जुळवलेला टचअप पुढच्या पॉलिशलाच वेगळा दिसू लागतो. शेड मोजणाऱ्या मशीनलाही हीच घासलेली, सपाट जागा द्या आणि तीन ठिकाणी रीडिंग घ्या. मशीनचा फॉर्म्युला ही फक्त सुरुवात आहे.

खरी परीक्षा कार्डावर होते. एका जाड कार्डावर काळी-पांढरी पट्टी काढा आणि ती पूर्ण झाकेपर्यंत रंगाचे कोट द्या, शक्यतो गाडीवर ज्या पद्धतीने मारणार त्याच पद्धतीने. पूर्ण वाळू द्या, कारण बहुतेक सॉलिड (म्हणजे मेटॅलिक नसलेल्या) शेड वाळताना किंचित गडद होतात. मग कार्डाच्या मधोमध बोटभर भोक पाडा आणि कार्ड पत्र्यावर चिकटवा. भोकातून जुना रंग आणि भोवती नवा, असे दोन्ही शेजारी आले की डोळ्याला फसायला जागा राहत नाही. हे उन्हात बघा, सावलीत बघा, रात्री दिव्याखालीही बघा. जुन्या पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांत शिशाची क्रोमेट रंगद्रव्यं असत. आजच्या टिंटरमध्ये (शेड बनवायला मिसळतात त्या मूळ रंगांत) ती बहुधा नसतात, दुसऱ्याच द्रव्यांनी तीच शेड बनवलेली असते. त्यामुळे दुपारी तंतोतंत जुळलेला रंग ट्यूबलाइटखाली फुटून निघतो. सगळ्या उजेडांत जुळत नसेल तर गाडी जास्तीत जास्त ज्या उजेडात दिसते तो धरावा, म्हणजे दिवसाचा.

‘पांढरा किंवा काळा मिसळा’

रंग बिघडवायचा याहून सोपा मार्ग नाही. पांढऱ्याने शेड नुसती उजळत नाही, दुधाळ होते. काळ्याचं तर आणखी विचित्र: पिवळ्यात काळा गेला की हिरवट झाक येते. लँड रोव्हरच्या छतावर आणि चाकांवर असतो तो लाइमस्टोन, म्हणजे पिवळसर पांढरा, घ्या. नवा रंग जास्त उजळ वाटला म्हणून काळ्याचे दोन थेंब टाकले की छत शेवाळल्यासारखं दिसतं. तिथे पिवळा ऑक्साइड किंवा तपकिरी टिंटर लागतो. एका वेळी १०० ग्रॅम रंगात अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. थेंब मोजून केलेली शेड पुन्हा बनवता येत नाही. प्रत्येक बदलानंतर नवं कार्ड.

‘कुठलाही रंग कशावरही बसतो’

असं सल्ल्यात उघड म्हटलेलं नाही, पण गृहीत धरलेलं आहे. आधी खालचा रंग ओळखा. आडोशाच्या जागी लॅकर थिनरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट धरा. लॅकर (थिनर उडून वाळणारा रंग) असेल तर विरघळून कापसावर उतरतो. एनॅमल मऊ पडतो किंवा सुरकुततो. हार्डनर घालून मारलेला टू-के जवळपास तसाच राहतो. जुन्या एनॅमलवर लॅकर मारला की त्यातलं थिनर खालच्या थरात शिरतं, थर फुगतो आणि डागाभोवती सुरकुत्यांचं कडं उठतं. ते पेपरने घासून जात नाही, तेवढा भाग खरवडून पुन्हा करावा लागतो. एनॅमलवर एनॅमलच लावा, नाहीतर मध्ये इपॉक्सी प्रायमरचा थर द्या.

दोन इशारे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना साधा डस्ट मास्क त्याला अजिबात अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो नसेल तर स्प्रे करूच नका. आणि जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची शक्यता धरून नेहमी पाणी घेऊन घासा, गाळ पुसून वेगळा टाका.

‘गंजावर रस्ट कन्व्हर्टर’

गंजाला स्थिर थरात बदलणारा हा द्रव लोखंडासाठी आहे, आणि तोही सुटा गंज ब्रशने काढल्यानंतरच. लँड रोव्हर सिरीजची बहुतेक बॉडी बर्माब्राइट या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूची. चेसिस आणि बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) पोलादी. अ‍ॅल्युमिनियमवर रंगाखाली फोड येऊन पांढरी पूड निघते, मुख्यतः जिथे पत्रा पोलादी बोल्टला किंवा पट्टीला टेकतो तिथे. कन्व्हर्टरचा इथे काही उपयोग नाही. चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा आणि अ‍ॅल्युमिनियम पुन्हा ऑक्साइड धरतं म्हणून लगेच इपॉक्सी किंवा एच प्रायमर (धातूला किंचित कोरून पकड घेणारा) द्या. दोन धातूंच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा वॉशर घातला नाही तर फोड परत येतील. बॉडीच्या कडांवरच्या गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या, पट्ट्यांवर थेट एनॅमल लावू नका. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन खाली साबणासारखा थर बनतो आणि पोपडे निघतात.

(रंगाची जाडी मोजायची तर गेज अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा आहे ना ते बघा. चुंबकाचा गेज तिथे काहीच दाखवत नाही.)

‘शेवटी क्लिअर आणि पॉलिश’

पांढऱ्या फडक्यावर कंपाउंड घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग सिंगल-स्टेज आहे, म्हणजे चमक रंगातच आहे. त्यावर ठिपक्यापुरता क्लिअर मारला की तेवढाच भाग ओला, गडद दिसतो आणि पुढे त्याची कड उकलते.

मॅट लष्करी रंगाला तर पॉलिश शत्रूच. अमेरिकेच्या एफएस ५९५ या रंगप्रणालीत पाच आकड्यांपैकी पहिला आकडा चमक सांगतो: १ चमकदार, २ मध्यम, ३ मॅट. म्हणजे ३४०८७ हा ऑलिव्ह ड्रॅब जात्याच मॅट. कंपाउंड फिरवलंत की तिथे तेलकट चकाकी येते आणि ती फक्त पुन्हा रंगवूनच जाते. मॅटमध्ये ठिपका लपतही नाही. डब्याच्या तळाशी बसलेली पावडर नीट ढवळा, स्पंजने टिपून लावा. डाग तळहाताएवढा असेल तर पॅनेल कडेपासून कडेपर्यंत मारा.

‘एका दुपारचं काम’

एनॅमल पृष्ठभागावर वाळतो, आत ओला राहतो. ओरखडा एकाच जाड थेंबाने भरला की महिन्याभरात तो आकसून खड्डा पडतो. कडा ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या करा, धातू दिसत असेल तिथे टोकदार ब्रशने प्रायमर लावा. मग दहा टक्के थिनर घातलेल्या रंगाचे तीन-चार पातळ थर, दोन थरांमध्ये डब्यावर दिलेला वेळ. रंग आजूबाजूपेक्षा केसभर वर आला की थांबा. आता निदान दोन आठवडे हात लावू नका, चार दिलेत तर उत्तम. मग दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, खोडरबराएवढ्या कडक ब्लॉकवर २००० नंबरचा पेपर गुंडाळून पाण्याने समतल करा. टेप घासू लागला की टेप काढा, पेपर आणखी दोनदा फिरवा आणि कंपाउंडवर या. पत्र्याच्या घडीवर जुना रंग सर्वांत पातळ असतो. तिथे जोर दिला की प्रायमर उघडा पडतो.

उरलेला रंग लहान, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत ठेवा. वर फॉर्म्युला, तारीख आणि ‘ड्रायव्हरकडचं दार’ असं लिहा. बॉनेटसाठी कार्ड नव्याने करावं लागेल.