काडी तपासायला सूक्ष्मदर्शक आहे, पोराला नाही

ताईचा मुलगा यंदा अकरावीला आहे. गाव तासगाव तालुक्यात, कॉलेज सांगलीत. येत्या नोव्हेंबरात तो एनएसईबी देणार आहे. जीवशास्त्राच्या ऑलिम्पियाडची ही आपल्या देशातली पहिली पायरी. फॉर्म भरल्या दिवसापासून घरात तीन पक्ष पडलेत. चुलते म्हणतात, "नीटला त्याचे किती मार्क वाढतात ते सांगा, मग पुढचं बोलू." शेजारच्या काकू म्हणतात, ऑलिम्पियाडची वेगळी बॅच निघालीय, सहावीपासून घेतात, तुम्ही फार उशिरा जागे झालात. आणि दाजी, म्हणजे त्याचे वडील, म्हणतात, "ती मुंबई-पुण्याच्या पोरांची परीक्षा. आम्ही बागाईतदार माणसं, आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मी बारा वर्षं जर्मनीत, हानोफरला आहे. वनस्पतींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. दर रविवारी तिकडची संध्याकाळ आणि इकडची दुपार जुळवून भाच्याशी बोलते, त्याचा अभ्यास बघते. त्यामुळे या वादात मलाही बोलायचं आहे, आणि आधी दाजींशी, कारण तिघांत सगळ्यात चुकीचं वाक्य त्यांचं आहे.

दाजी, एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर तुम्ही द्राक्षबागेला सीसीसी हे औषध मारता. कशासाठी? शेंडा थांबावा, काडीत घड धरावा म्हणून. सीसीसी वेलीत जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ देत नाही. जोडीला सिक्स बीए देता, ते सायटोकायनिन, दुसरं संप्रेरक. द्राक्षाच्या डोळ्यात जो इवलासा उंचवटा असतो त्याचा घड व्हायचा की बाळी, म्हणजे नुसता तणावा, हे या दोन संप्रेरकांच्या ओढाताणीत ठरतं. सायटोकायनिन वरचढ झालं तर घड, जिबरेलिन वरचढ झालं तर बाळी. ऑक्टोबर छाटणीनंतर "घड जिरला, बाळी निघाली" म्हणून तुम्ही बागेतून तोंड पाडून घरी येता, त्यामागे हेच असतं. आणि उन्हाळ्यात नको असलेलं तेच जिबरेलिन दिवाळीच्या पुढेमागे तुम्ही जीए म्हणून विकत आणता, पाण्यात कालवता आणि एकेक घड त्यात बुडवता. थॉमसन या द्राक्षाच्या जातीच्या मण्यात बी पोसत नाही. जिबरेलिन पुरवणारं बीच नाही, म्हणून मणी बारीक राहतो, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. वनस्पतींच्या संप्रेरकांवर याहून अवघड प्रश्न ऑलिम्पियाडमध्ये काय येणार?

डाऊनीचंही तसंच, पानांवर पडणाऱ्या त्या रोगाचं. औषधाच्या दुकानात तिला बुरशी म्हणतात. खऱ्या बुरशींच्या कुळात ती बसत नाही. समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी तिचं जवळचं नातं आहे, आणि तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं. भुरी, बागेतला दुसरा रोग, ती मात्र खरी बुरशी. म्हणून एकीचं औषध दुसरीला नेहमी लागू पडत नाही, हे तुम्हाला कुणी न शिकवता माहीत आहे. वर्गीकरणाचा हा धडा भाच्याने पाठ केलाय. बांधावरून खाली उतरून त्याने पानाची मागची बाजू मात्र कधी बघितली नव्हती. मी सांगितल्यावर बघितली.

आता मला खरोखर लागलेली गोष्ट. सप्टेंबरात, छाटणीच्या आधी, तुम्ही काड्या तोडून तपासणीला देता. तिथला माणूस एकेक डोळा ब्लेडने कापतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि कितव्या डोळ्यावर घड आहे ते लिहून देतो. त्या चिठ्ठीवर छाटणी ठरते, म्हणजे वर्षाचा पैसा ठरतो. आणि तुमच्या घरातला जीवशास्त्र घेतलेला मुलगा अकरावी सुरू होऊन इतके दिवस झाले तरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू शकलेला नाही. विचारलं तर म्हणाला, "मावशी, कपाटाला कुलूप असतंय. किल्ली सरांकडं असते, आणि सर दोन कॉलेजांवर जातात." प्रयोगवही पूर्ण आहे. आकृत्या मागच्या वर्षीच्या एका मुलीच्या वहीवरून उतरवलेल्या, खाली निष्कर्ष, शेजारी सही. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी त्याने इतक्या सुबक काढल्यात की बघून मला रडू आलं. त्याने कांदा कापलाच नव्हता.

त्या सरांवर माझा राग नाही. तासिका तत्त्वावर दोन ठिकाणी धावणाऱ्या माणसाने प्रयोगशाळा कधी उघडायची? आणि बारावीला जीवशास्त्राचे ७० गुण लेखीचे, ३० प्रात्यक्षिकाचे. ते ३० कसे मिळतात हे सांगलीतल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.

पण ऑलिम्पियाडमध्ये ते तसे मिळत नाहीत. पहिली पायरी दोन तासांची, ६० प्रश्नांची. शेवटच्या १२ प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे ओळखले तरच गुण. आलेख देतात, तक्ता देतात, कधी न ऐकलेल्या प्राण्यावर केलेला प्रयोग देतात आणि विचारतात, यावरून काय म्हणता येईल? काय म्हणता येणार नाही? त्यात निवडलेली मुलं जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आयएनबीओला, म्हणजे दुसऱ्या पायरीला, बसतात. त्यातली थोडी उन्हाळ्यात मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शिबिराला जातात, आणि शेवटी जागतिक स्पर्धेला देशातून चौघं. जागतिक स्पर्धेत लेखीच्या बरोबरीने प्रात्यक्षिकं असतात: कापायचं, रंगवायचं, मोजायचं, पिपेटने थेंब अचूक सोडायचा, आणि हे सगळं घड्याळ लावून. अभ्यासक्रमात प्राण्यांच्या वर्तनालाही सुमारे ५ टक्के वाटा आहे. नीटच्या वाचनात त्याला जागाच नाही. औदुंबर-भिलवडीच्या काठावर थंडीत मगरी ऊन खात का पडतात आणि तोंड उघडं का ठेवतात, हे भाच्याने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, हा तुझ्या परीक्षेतला प्रश्न आहे, लिहून ठेव.

ही जागतिक स्पर्धा १९९० साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ओलोमोउत्समध्ये सुरू झाली. भारत २००० पासून जातो, २००८ साली ती मुंबईत भरली होती. २०२३ साली अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आपल्या चारही मुलांना सुवर्णपदक मिळालं आणि भारत पहिला आला. त्या चौघांत एक जालन्याचा होता. जालना म्हणजे मुंबई-पुणं नव्हे, दाजी.

आता इथलं सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने गेल्या वर्षी याच ऑलिम्पियाडची जर्मनीतली पहिली फेरी दिली. त्यासाठी तिला कुठल्याही केंद्रावर जावं लागलं नाही. कील शहरातली एक सरकारी पैशावर चालणारी संशोधन संस्था हा कार्यक्रम बघते. पहिल्या फेरीचे प्रश्न घरी नेऊन सोडवायचे. उन्हाळ्याच्या सुटीसकट कित्येक आठवडे हातात, पुस्तकं उघडी. दुसरी फेरी शाळेत बसून लेखी, त्यापुढच्या कीलला. तर ही मुलगी बाल्कनीत बशा मांडून क्रेसं नावाचं काहीतरी उगवत होती. वाकून बघितलं तर हळीव! आपली बाळंतिणीच्या लाडवातली हळीव. भिजली की बुळबुळीत होते, दोन दिवसांत मूळ फुटतं, आणि म्हणूनच इकडे शाळेपासून संशोधनापर्यंत पाण्याची, मातीची तपासणी करायला ती वापरतात. मुळाची लांबी मोजायची आणि साध्या पाण्यातल्या बियांशी ताडून बघायची. खर्च जवळजवळ शून्य.

मी तिच्या आईला विचारलं, याचा पुढे उपयोग काय? ती म्हणाली, "तिला आवडतं." एवढंच. त्या दोन शब्दांवर मी बरेच दिवस विचार करत होते. आपल्याकडे एखादी आई असं म्हणू शकत नाही, कारण तिच्या मागे कुणी उभं नाही. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्यातही सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही तर बाग विकायची वेळ. चुलते मार्कांचं विचारतात तेव्हा ते भीतीपोटी विचारतात, आणि ती भीती खरी आहे. त्यांना खोटं सांगायचं नाही: नीटला याने एकही मार्क वाढत नाही. नीटची तयारी म्हणजे जीवशास्त्राचे ९० प्रश्न पाऊण तासात, अर्ध्या मिनिटाला एक. तो वेग वेगळा, ही सवय वेगळी. आठवड्यातले तीन तास या सवयीला द्यावेत, एवढंच माझं मागणं आहे. उरलेला आठवडा नीटचाच राहू दे.

जर्मनीत सगळं सोनं आहे असं समजू नका. इथल्या बहुतेक राज्यांत चौथी झाली की मुलांची वाटणी होते, वयाच्या दहाव्या वर्षी. कुणी जिम्नाझियुममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाईल, कुणी नाही. माझ्या प्रयोगशाळेत सफाईला येणाऱ्या बाईंचा मुलगा दुसऱ्या वाटेच्या शाळेत गेला. त्याला पक्ष्यांचं वेड आहे. आवाजावरून नावं सांगतो. ऑलिम्पियाड नावाचं काही असतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. आपल्याकडे शेतमजुराची मुलगी आणि डॉक्टरांची मुलगी अकरावी शास्त्रच्या एकाच बाकावर बसू शकतात आणि त्याच पेपराला फॉर्म भरू शकतात. ही मोठी गोष्ट आहे, आणि मला ती इथे आल्यावर दिसली.

भाषेचं मात्र मला अजून सोडवत नाही. जागतिक स्पर्धेत प्रश्नपत्रिका इंग्रजीत ठरते, मग प्रत्येक देशाचे शिक्षक रात्र-रात्र बसून ती आपल्या भाषेत उतरवतात. जर्मन मूल जर्मनमध्ये पेपर सोडवतं. भाचा दहावीपर्यंत मराठीत शिकला. पर्णरंध्र म्हटलं की त्याच्या डोळ्यापुढे पानावरचं बारीक छिद्र येतं. स्टोमाटा म्हटलं की व्याख्या येते. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून त्याची सगळी शक्ती शब्द बदलण्यात चाललीय. नीटचा पेपर २०१७ पासून मराठीत मिळतो, पण अकरावी-बारावीचं शास्त्र शिकवतात इंग्रजीत, मग तो पेपर घेणार कोण? आम्ही दोघांनी एक वही केलीय. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि मध्ये दाजी बागेत जो शब्द वापरतात तो. मधला रकाना सगळ्यात जास्त भरलाय.

काकूंच्या बॅचबद्दल माझं मत कडक आहे. सहावीच्या मुलाला ऑलिम्पियाडच्या नावाखाली बारावीचे प्रश्नसंच सोडवायला लावणं म्हणजे त्याची पाच वर्षं खाणं. या वयाचं चांगलं काही हवं असेल तर ते आपल्याच राज्यात आहे. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं, आणि पुढे मुलाला स्वतः प्रकल्प करावा लागतो. म्हणजे हाताने काम करून घ्यायची कल्पना मी काही जर्मनीतून आणलेली नाही.

माझी मागणी लहान आहे. सांगली, मिरज, तासगाव, विटा इथल्या ज्युनिअर कॉलेजांनी शनिवारी दुपारी जीवशास्त्राची प्रयोगशाळा तीन तास उघडी ठेवावी. सर नसतील तर एखादे निवृत्त शिक्षक बसतील. सांगलीत असे कितीतरी आहेत, आणि कुणी बोलावलं तर ते आनंदाने येतील. माझ्या वेळी आमच्या बाई आम्हाला कृष्णेच्या घाटावर नेऊन बाटलीत पाणी भरायला लावायच्या, मग तेच पाणी काचपट्टीवर. त्या थेंबात पहिल्यांदा काहीतरी धावताना बघितलं, त्यावर मी आजही जगते आहे. गवत भिजवलेलं पाणी, हळदीच्या गड्ड्याचा काप, डाऊनी आलेलं पान, एवढ्यावर वर्षभराचे शनिवार निघतील. आणि दाजी, काडी तपासायला जाल तेव्हा पोराला बरोबर न्या. तिथल्या माणसाला म्हणा, एक डोळा याला कापू दे.

परवाच्या रविवारी भाच्याने फोन बशांवर धरला. किराणा दुकानातून हळीव आणून त्याने तीन बशांत पेरली होती: एकीत नळाचं पाणी, एकीत विहिरीचं, एकीत हरिपूरच्या संगमावरून आणलेलं. "मावशी, संगमाच्या पाण्यातली मुळं आखूड आहेत," तो म्हणाला. आवाज चढला होता. मी विचारलं, प्रत्येक बशीत किती बिया घातल्यास?

"दहा."

म्हटलं, पन्नास घे, आणि परत पेर.