शनिवारी ताणमुक्ती, उपस्थिती ऐच्छिक (पण सक्तीची)

अभिनंदन! हाताखाली माणसं आली, म्हणजे त्यांचे ताणतणावही ओघाने आलेच. आज ना उद्या वरून विचारणा होईल, 'तुमच्या विभागात याबाबत काय केलंत?' तेव्हा दाखवायला चार फोटो हवेत. म्हणून सगळ्यात आधी एक कार्यशाळा उरकून टाका.

ती शनिवारी ठेवा. कामाच्या दिवशी ठेवली तर कामाचा खोळंबा होतो आणि ताण तुम्हाला येतो. आपल्या योजनेत ते बसत नाही. उपस्थिती ऐच्छिक असल्याचं कळवा आणि खाली बारीक अक्षरात 'न येणाऱ्यांनी लेखी कारण द्यावे' एवढं जोडा. वक्ता बाहेरचा आणा. तो दिवे मंद करून सगळ्यांना डोळे मिटायला सांगेल. श्वास आत, श्वास बाहेर. नेमक्या त्याच वेळी मागच्या रांगेतून सोमवारच्या अहवालाची आठवण ग्रुपवर टाका. टेबलांवर पालथे घातलेले फोन एकदम थरथरतील. मिटलेल्या पापण्या हलतील, एखादा हात हळूच पुढे सरकेल आणि वक्त्याची नजर पडताच मागे येईल. तो हात कुणाचा ते बघून ठेवा. मूल्यमापनात 'एकाग्रता कमी पडते' असं लिहायला उपयोगी पडतो. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरून घ्या. फॉर्म निनावी हवा. वर फक्त कर्मचारी क्रमांक विचारायचा.

या प्रकाराने काही फरक पडतो का, असं विचारणारा एखादा आगाऊ निघतोच. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. ध्यानाची ॲप, ताण हाताळण्याची प्रशिक्षणं असल्या उपायांचा लाभ घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात, एखादा अपवाद सोडला तर, सांगण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. म्हणून काय झालं? ॲपच्या वर्गणीला एका जादा माणसाच्या पगाराइतका खर्च येत नाही. आग रामेश्वरी असली तरी बंब सोमेश्वरीच न्यायचा, आणि बंबासोबत फोटो काढायचा.

दुसरं म्हणजे, ताण हा ज्याला येतो त्याचाच दोष आहे हे मनाशी पक्कं करा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं वेगळं आहे. २०१९ मध्ये तिने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामापायी पार थकून जाण्याची, व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे तर नोकरीशी निगडित घटना म्हणून. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याने हे होतं, असंही नमूद केलं. असलं काही हाताखालच्यांच्या वाचनात येऊ देऊ नका. कुणी थकलोय म्हणाला की मान तिरकी करून विचारा, 'घरी सगळं ठीक आहे ना?' बिचारा घरात कारण शोधत बसतो.

आता मुख्य गोष्ट: अधिकार. पुष्कळ साहेबांना वाटतं की जितकी खुर्ची मोठी तितका ताण मोठा. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात उलटं दिसलं. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्यांपेक्षा खालच्या श्रेणींत जास्त होतं. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात आपल्या कामावर आपलं किती चालतं, याचाही त्यात मोठा वाटा दिसला. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की डोक्यावर कामाचा बोजा आणि हातात निर्णय नाही, ही जोडी सगळ्यात वाईट. तेव्हा बोजा खाली द्या, निर्णय स्वतःकडे ठेवा. तुमची तब्येत ठणठणीत राहील.

हे जमवायचं कसं? सोमवारी म्हणा, 'तुला योग्य वाटेल तसं कर, माझा पूर्ण विश्वास आहे.' गुरुवारी तयार काम बघून विचारा, 'हे असं का केलंस?' तो कारण सांगू लागला की घड्याळात बघा. काम कधी संपवायचं हे ज्या बैठकीत ठरतं, तिथे काम करणाऱ्याला बोलवू नका. चार कामांतलं आधी कोणतं करू, असं त्याने विचारलं तर हसून 'सगळीच' म्हणा. (माझं विचाराल तर आरडाओरडा करणारा साहेब एक वेळ परवडतो. रात्री पावणेअकराला 'काही घाई नाही, सकाळी बघितलंस तरी चालेल' असं लिहिणारा झोप घेऊन जातो.)

तासांचं फार मनावर घेऊ नका. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलं. यावर सोपा उपाय आहे: तास मोजूच नका. हजेरी सकाळी घ्या, संध्याकाळी कोण कधी गेलं हे त्याच्या निष्ठेवर सोडा. फ्रान्समध्ये कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलपासून लांब राहण्याच्या हक्काचा कायदा २०१७ पासून लागू आहे. तुमच्याकडे तो विषय निघालाच, तर समिती नेमा आणि तिची बैठक सुट्टीच्या दिवशी ठेवा.

इतकं करूनही कुणी राजीनामा दिलाच, तर जाताना त्याची मुलाखत घेण्याची पद्धत आहे. घ्या. तो मन मोकळं करील, तुम्ही मान डोलवा आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहा. छोटा निरोप समारंभ करा, खूप शिकायला मिळालं असं त्याच्याकडून वदवून घ्या. मग त्याचं काम उरलेल्यांत वाटून टाका. नवा माणूस येईपर्यंतची तात्पुरती सोय आहे, असं सांगा. तारीख मात्र सांगू नका.