तुमचे ८३ अंश आणि साडेसतरा मिली

नमस्कार सर,

टोल्युइन (पाण्यात न मिसळणारा, पेट घेणारा द्रव) आणि पाण्याचं मिश्रण ८५ अंशाला उकळतं, वाफेत २० टक्के पाणी असतं, असं मी लेखात लिहिलं होतं. ते सपशेल चूक, असं तुमचं म्हणणं. सोलापुरातल्या तुमच्या प्रयोगशाळेत ते ८३ ला उकळलं आणि गोळा झालेल्या १०० मिलीत पाणी जेमतेम साडेसतरा मिली भरलं. तुम्ही स्वतः करून पाहिलंत, याचा मनापासून आनंद झाला.

न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की प्रत्येकाचा बाष्पदाब (वाफेचा दाब) स्वतंत्र राहतो, जणू दुसरा तिथे नाहीच. दोन्हींची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिमी उंचीएवढा. सोलापूर साडेचारशे मीटरांवर, इथे ७२० च्या आसपास. ८३ अंशाला पाण्याचा ४०० आणि टोल्युइनचा ३२३, बेरीज ७२३. तुमचा थर्मामीटर बरोबर आहे. गावाची उंची न बघता मी पुस्तकातला आकडा दिला, चूक माझी.

आता पाणी. वाफेतल्या वजनांसाठी बाष्पदाबाला रेणुभाराने गुणायचं: पाण्याचे ४०० × १८ = ७,२००, टोल्युइनचे ३२३ × ९२ = २९,७१६. पाण्याचा वाटा साडेएकोणीस टक्के, पण वजनाने. तुम्ही मोजलंत मिलीत. टोल्युइनची घनता ०.८७, म्हणजे तुमचे साडेब्याऐंशी मिली जवळपास ७२ ग्रॅमच भरतात. एकूण ८९ ग्रॅमपैकी साडेसतरा ग्रॅम पाणी, भागून पाहा. ‘वजनाने’ हा शब्द लेखात घातला आहे.

चंबूत निम्मं पाणी होतं म्हणून वाफेतही निम्मं हवं, हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. दोन्ही द्रव चंबूत शिल्लक आहेत तोवर कोण किती आहे याने वाफेचं प्रमाण बदलत नाही. म्हणूनच करडईच्या बियांतलं पाणी या प्रमाणावरून काढता येत नाही. त्यासाठी डीन आणि स्टार्क यांची १९२० सालची नळी लागते: बिया टोल्युइनमध्ये उकळायच्या, वाफ थंड होऊन नळीत पडते, टोल्युइन वरून ओघळून चंबूत परततं, पाणी नळीच्या तळाशी साठतं. ते वाढायचं थांबलं की मिली वाचायचे. २५ ग्रॅम बियांतून दीड मिली निघालं, तर ६ टक्के.

वाचण्याआधी कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या नळीच्या) आत बघा. काचेला मण्यांसारखे थेंब चिकटून बसतात, ते तांब्याच्या तारेने खाली पाडा. मे महिन्यात टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापतं; कंडेन्सरमध्ये बर्फाचं पाणी फिरवा, नाहीतर टोल्युइनची वाफ खोलीभर होईल. आणि उघड्या ज्योतीवर अजिबात नको, हीटिंग मँटलच (चंबूभोवती बसणारं विजेचं तापक) वापरा.