खोडलेली पहिली ओळ

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने पुढच्या शिक्षणाचा पसंतीक्रमाचा फॉर्म मला तपासायला आणून दिला. आधी पेन्सिलने भरा, मग पेनने गिरवा, असं मीच सांगितलं होतं. पहिल्या ओळीवर 'अकाउंटन्सी' लिहिलेलं. पण तेवढ्याच जागी कागद खोडरबराने घासून झिजला होता. खिडकीकडे धरून पाहिला, तर आधी दाबून लिहिलेली अक्षरं उमटलेली दिसली. 'मेकॅनिकल इंजिनिअरिंग'.

ही मुलगी कप्पी आणि उतरणीची गणितं सोडवताना आधी आकृती काढते. प्रत्येक बलाचा बाण, त्याची दिशा, कुठला बाण कशाला तोलून धरतोय, सगळं जागेवर आल्यावर मगच समीकरणाला हात लावते. मी असं कुणाला शिकवलेलं नाही, ते तिचं तिला सुचलंय. मी विचारलं, "हे का खोडलंस गं?" तर म्हणाली, "घरचे काही बोलले नाहीत मॅडम. माझं मीच ठरवलं."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

वीस वर्षं गणित शिकवतेय. "माझं मीच ठरवलं" हे शेकडो मुलांच्या तोंडून ऐकलं आणि त्यातलं एकही मूल खोटं बोलत नव्हतं. पण आता माझी खात्री झाली आहे की फॉर्म हातात पडेपर्यंत त्यातल्या बहुतेक ओळी आधीच खोडून झालेल्या असतात. कधी खोडल्या, कुणी खोडल्या, हे त्या मुलालाही सांगता येत नाही.

लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८१ साली हे फार नेमकं मांडलं होतं. त्यांच्या मते मूल व्यवसाय निवडण्याच्या कितीतरी आधीपासून व्यवसाय गाळत असतं. साधारण सहा ते आठ या वयात पहिली मोठी चाळणी लागते: हे बायकांचं काम, हे पुरुषांचं. नऊ ते तेराच्या दरम्यान दुसरी: हे आपल्यासारख्यांचं, हे आपल्या आवाक्याबाहेरचं. स्वतःची आवड, स्वतःचा स्वभाव यांचा नंबर लागतो चौदाच्या पुढे. तोवर जे गळून गेलं ते मूल सहसा पुन्हा विचारात घेत नाही. आणि आपण सतराव्या वर्षी त्याला समोर बसवून विचारतो, "बाळा, तुला आवड कशाची आहे?"

लहान वयात हे किती खोल जातं, त्याचा एक दाखला तर अंगावर येतो. डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकांनी मुलांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' एवढंच सांगितलं होतं. १९८३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. ४,८०७ चित्रांपैकी बाई शास्त्रज्ञ होती फक्त २८ चित्रांत, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. एकाही मुलाच्या हातून बाई उतरली नाही. त्यानंतरच्या दशकांत चित्र सुधारलं हे खरं. पण अमेरिकेतल्या नंतरच्या अभ्यासांतही पाच-सहा वर्षांची मुलं बाई आणि पुरुष साधारण सारखेच काढतात, आणि वय वाढत जातं तसे पुरुष वाढत जातात, असंच दिसलं. म्हणजे हे मुलं शाळेत येताना घेऊन येत नाहीत. आमच्याकडे बसून शिकतात. शिक्षक म्हणून हे वाचताना मला त्रास झाला.

कुणी म्हणेल, कल असतोच की वेगवेगळा, निसर्गच तसा आहे. त्यांना मी संगणकाचा इतिहास बघायला सांगेन. एनिअॅक हा सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. तेव्हा यंत्र बांधणं हे मोठं काम मानलं जायचं आणि प्रोग्रॅमिंग म्हणजे कारकुनी, त्यामुळे ते बायकांकडे आलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिअॅक जगापुढे आला. त्या दिवशी दाखवलेलं गणित जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवलेलं होतं. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र त्यांना नव्हतं. पुढे याच कामाला पैसा आला, मान आला आणि ते पुरुषांचं झालं. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली सुमारे ३७ टक्के होत्या. नंतर तो आकडा घसरत १८ टक्क्यांपर्यंत आला. एवढ्या वर्षांत मुलींचा मेंदू बदलला का? घरात आलेला संगणक मुलाच्या खोलीत गेला, हे बदललं. मुलगा आधीच हात बसवून कॉलेजात आला, आणि मुलीला पहिल्या आठवड्यातच वाटलं की आपण फार मागे आहोत.

हे उलटंही फिरवता येतं. अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठाने मुलींना कुठलीही वेगळी सोपी परीक्षा दिली नाही. प्रवेशात आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या सरावाला दिलं जाणारं महत्त्व कमी केलं आणि नवख्यांसाठी सुरुवातीचे वेगळे वर्ग ठेवले. १९९५ मध्ये तिथे संगणकशास्त्राला नव्याने येणाऱ्यांत ७ टक्के मुली होत्या. २००० मध्ये ४२.

मुलग्यांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांचं खोडलेलं कुणी उजेडाकडे धरून बघतच नाही. एका मुलाला नर्सिंगला जायचं होतं. आजीच्या आजारपणात वर्षभर सगळं त्याने केलं होतं, औषधांच्या वेळांपासून जखमेच्या पट्टीपर्यंत, आणि त्याला ते मनापासून आवडलं होतं. त्याने मला हे शिक्षकांच्या खोलीबाहेर, इकडेतिकडे कुणी नाही ना बघून सांगितलं. मुलीने मुलांचं क्षेत्र निवडलं तर निदान कुणीतरी कौतुक करतं. मुलाने लहान मुलांना शिकवायचं किंवा रुग्णांची सेवा करायची म्हटलं, तर त्याच्यात काही कमी आहे की काय, असं लोक बघतात.

आणि परिस्थिती. माझ्याकडे एकाच वर्षी दोन मुलं होती, मार्क जवळजवळ सारखे, दोघांनाही भौतिकशास्त्राचं वेड. एकाने मला विचारलं, "सगळ्यात चांगलं कॉलेज कुठलं?" दुसऱ्याने विचारलं, "मॅडम, कमाई किती वर्षांनी सुरू होईल?" त्याच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला तो पहिलाच. त्याने दोन वर्षांचा तांत्रिक कोर्स घेतला. आज तो चांगलं कमावतो, घर सांभाळतो, त्याच्या निवडीला मी चूक म्हणणार नाही. पण पहिल्याची प्रवेश परीक्षा एकदा हुकली होती. तो वर्षभर घरी बसला, पुन्हा दिली, आता संशोधन करतोय. दुसऱ्याजवळ ते एक वर्ष नव्हतं. हुशारी दोघांकडे होती, चुकायची सोय एकाकडेच होती. आपण जिला 'धाडस' म्हणतो, त्या गोष्टीचा खर्च बऱ्याचदा घरचं कुणीतरी भरत असतं.

अमेरिकेत राज चेट्टी हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट मिळवणाऱ्यांचं बालपण तपासलं. सर्वात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं, मधल्या उत्पन्नाच्या खालच्या घरांतल्या मुलांच्या तुलनेत दहापट प्रमाणात संशोधक झालेली दिसली. तिसरीत गणितात सारखे गुण असले तरी हा फरक पूर्ण भरून निघत नव्हता. आणि ज्या मुली आपल्या आसपास संशोधक बायका बघत वाढल्या, त्या स्वतः तिकडे वळण्याची शक्यता जास्त होती. पुरुष संशोधक बघून मुलींवर तो परिणाम होत नव्हता. नुसतं 'तुला जमेल' म्हणणं कमी पडतं ते यामुळेच. आपल्यासारखं कुणीतरी तिथे दिसावं लागतं.

एक गोष्ट माझी मला उशिरा कळली. गणितात उत्तम असणारी मुलगी भाषेतही उत्तम असते, असं फार वेळा होतं. (पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. २०१८ च्या पिसात ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात वाचनात मुली मुलग्यांच्या सरासरी ३० गुणांनी पुढे होत्या.) मग आपण तिला म्हणतो, तुला काय, सगळंच येतं, कुठेही जा. ज्या मुलाला फक्त गणितच येतं त्याला मात्र सगळे मिळून गणिताकडेच ढकलतात. वर्षानुवर्षं मी हे करत आले. मुलींना मोकळीक देतेय असं वाटायचं मला. प्रत्यक्षात मुलांना मी रस्ता दाखवत होते आणि मुलींना चौकात सोडून येत होते.

परवा त्या मुलीला पुन्हा बोलावलं. आवड वगैरे काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "खोडलंस तेव्हा डोळ्यासमोर नेमकं काय आलं?" बराच वेळ ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, "वर्कशॉप. सगळे कसल्या तरी मशिनभोवती उभे आहेत. आणि त्यात मी एकटीच."

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला फोन केला. म्हणाली, "मॅडम, तिला माझा नंबर द्या, शनिवारी बोलते. आम्ही चौघी आहोत वर्गात." हे मी मुलीला सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "चौघी? किती जणांत?"

तो आकडा मला माहीत नव्हता. तिला म्हटलं, हे शनिवारी तिलाच विचार, आणि वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी काय झालं तेही विचार. फॉर्म द्यायला अजून नऊ दिवस आहेत. तोवर पेनने काही गिरवू नकोस, एवढं सांगून कागद तिच्याकडे परत दिला आहे.