‘एनएबीएचचं सर्टिफिकेट म्हणजे भिंतीची शोभा’ या अभिप्रायाला रुग्णालयाचं उत्तर

नमस्कार. एक तारा दिलात, पण मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं असं: भिंतीवर एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाचं, प्रमाणपत्र आहे, तरी आईंचा नंबर लागायला दीड तास गेला. तापावर अँटिबायोटिक लिहून दिलं नाही. मुलीला लस दिल्यावर अर्धा तास उगाच बसवून ठेवलं. सिस्टरने हात न धुता नुसतं जेल चोळलं. तपासणीवाले तारीख कळवून येतात, त्यामुळे प्रमाणपत्राला अर्थ नाही. आणि तुमची बहीण इंग्लंडमध्ये राहते, तिथे प्रत्येक दवाखान्याला सरकारी श्रेणी असते, तशी इथे का नाही?

रुग्णाच्या प्रकृतीबद्दल चारचौघांत लिहिणं योग्य नाही. त्यामुळे आईंच्या केसपेपरवर इथे एक अक्षरही लिहीत नाही. अशा वेळी सर्वसाधारण पद्धत काय असते तेवढंच सांगतो.

आधी प्रमाणपत्राचं. एनएबीएच ही क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतली संस्था. तिच्याकडे अर्ज करणं ऐच्छिक आहे. ५० खाटांपर्यंतच्या लहान रुग्णालयांसाठी वेगळे निकष आहेत, आणि त्यात प्रवेश पातळीचं प्रमाणपत्र वेगळं, पूर्ण मानांकन वेगळं. आमच्याकडे प्रवेश पातळीचं आहे आणि पाटीवरही तसंच लिहिलं आहे. नुसतं ‘एनएबीएच’ लिहिलेली पाटी कुठे दिसली तर कोणती पातळी, मुदत कधीपर्यंत, हे जरूर विचारा. संस्थेच्या संकेतस्थळावर यादी आहे, तिथे नाव शोधता येतं. रुग्णालय आधी स्वतःची तपासणी करून कागदपत्रं पाठवतं, मग परीक्षक येऊन पाहणी करतात, त्रुटी लेखी देतात, त्या दुरुस्त केल्याचे पुरावे मागतात आणि त्यानंतर समिती निर्णय घेते. यासाठी शुल्क असतं. आयुष्मान भारत योजनेत अशा रुग्णालयांना पॅकेजचा दरही वाढवून मिळतो. तेव्हा यात पैशाचा संबंधच नाही असं आम्ही म्हणणार नाही.

पाहणीची तारीख आधी कळते, हेही खरं. पण मुरलेला परीक्षक धुतलेल्या फरशीला भुलत नाही, तो वह्या मागतो. लसींच्या फ्रिजचंच घ्या. आत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान हवं आणि ते दिवसातून दोनदा, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा, टिपून ठेवायचं असतं. महिन्याभराची नोंद एकाच पेनाने, एकाच हाताने, रोज ‘४ अंश’ अशी दिसली, की वही एका बैठकीत भरली आहे हे लगेच कळतं. दिवसभर वीज नव्हती त्या तारखेलाही ४ अंशच असतील तर पुढे काही विचारायला नको. खऱ्या वहीत चढउतार असतात, खाडाखोड असते, ‘वीज गेली, लस आइस पॅकसह शीतपेटीत हलवली’ असे शेरे असतात.

लस उष्णतेने खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती गारठूनही वाया जाते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. डीपीटी, पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी या लसी एकदा गोठल्या की संपल्या. पुन्हा वितळल्यावर बाटली दिसायला जवळपास तशीच दिसते, पण काम करत नाही. घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेल्या बाटलीचं हेच होतं, आणि दारातल्या कप्प्यात ठेवली तर ती वारंवार तापते. संशय आला तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित बाटलीसोबत ती जोरात हलवायची आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून द्यायच्या. गोठवलेल्या बाटलीत कण भराभर तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. संशयित बाटलीतला गाळही तितक्याच वेगाने बसला तर ती बाद. गोवर-रुबेलाच्या लसीची भुकटी द्रवात मिसळल्यावर ४ तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची, म्हणून बाटलीवर ती उघडल्याची वेळ लिहिलेली असावी. पुढच्या वेळी बाटली हातात घेऊन वेळ वाचा. सिस्टरना राग येणार नाही.

मुलीला अर्धा तास बसवलं ते उगाच नव्हतं. लसीनंतर तीव्र अ‍ॅलर्जी फार क्वचित येते, पण आली तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच. त्यावरचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. मात्रा दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १८ किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या औषधाचं फक्त ०.१८ मिली. ५ मिलीच्या सिरिंजने एवढं मोजता येत नाही, म्हणून इमर्जन्सी ट्रेमध्ये १ मिलीची सिरिंज औषधाला लागूनच ठेवावी लागते. अनेक ठिकाणी औषध असतं, मुदतीतलंही असतं, पण ही सिरिंज दुसऱ्या खोलीत असते. ऑक्सिजनच्या सिलिंडरचंही तसंच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटर दिला तर अडीच तास पुरतो. पण तो उघडायची चावी सिलिंडरला बांधलेली नसेल तर भरलेला सिलिंडरही रिकाम्यासारखाच.

सिस्टरने जेल चोळलं, ते बरोबरच केलं. अल्कोहोलचं जेल हाताच्या सगळ्या बाजूंना, नखांच्या कडांना आणि अंगठ्याच्या बुडाला २० ते ३० सेकंद चोळलं तर पुरेसं होतं. दोन रुग्णांच्या मध्ये तेच सोयीचं. हाताला रक्त-घाण लागली असेल किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर मात्र साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. तुम्ही बघायची गोष्ट वेगळी: एका रुग्णाला हात लावल्यावर त्याच हातमोज्यांनी दुसऱ्याला हात लावला का? तसं दिसलं तर तिथल्या तिथे टोका, आमच्याकडेही.

अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. सर्दी, घसा, अंगदुखी असा ताप असेल आणि तपासणीत जिवाणूसंसर्गाचं लक्षण नसेल तर ते न देणं हीच चांगली सेवा. त्याच्या जोडीला काय पाहायचं आणि परत कधी यायचं हे मात्र सांगितलंच पाहिजे: तीन दिवसांत ताप उतरला नाही, धाप लागली, लघवी कमी झाली, गुंगी आली, अंगावर लाल ठिपके उठले, तर लगेच या. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता धरून फक्त पॅरासिटामॉल घ्यावं. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये. या सूचना कागदावर नसतील तर मागून घ्या. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं असावं आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. तसा नियमच आहे.

दीड तासाबद्दल तुमचा राग रास्त आहे. ओपीडीत थांबायला लागणारा वेळ हा गुणवत्तेचा एक मोजमाप-बिंदू आहे, पण सरासरी काढली की तो फसवतो. बुधवारची शांत दुपार सोमवारच्या गर्दीला झाकून टाकते. म्हणून आम्ही सरासरीबरोबर त्या दिवशी सगळ्यात जास्त थांबलेल्या रुग्णाची वेळही नोंदतो. धाप, छातीत दुखणं, झटके असा रुग्ण आला की नंबर मोडला जाणारच, आणि ते काउंटरवरून मोठ्याने सांगितलं जाईल. नुसते रिपोर्ट दाखवायला येणाऱ्यांसाठी आता दुपारी ३ ते ४ ही वेगळी वेळ ठेवली आहे, म्हणजे सकाळची रांग हलकी होईल.

आता इंग्लंड. तिथे केअर क्वालिटी कमिशन ही संस्था २००९ पासून काम करते. जीपींचे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे, दवाखानेही तिच्या कक्षेत आहेत. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, रुग्णांच्या गरजेनुसार आहे का आणि कारभार नीट चालतो का, असे पाच प्रश्न विचारून उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी अशा चार श्रेणी देतात. एप्रिल २०१५ पासून श्रेणी दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. आपल्याकडे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणाला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. ही नोंदणी म्हणजे परवाना, त्यात श्रेणी नसते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना नोंदणी कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे खाटा नसलेल्या दवाखान्याची गुणवत्ता ठरावीक मुदतीने तपासून जाहीर करणारी सक्तीची व्यवस्था इथे नाही. ती असायला हवी, असं आमचंही स्पष्ट मत आहे. श्रेणी लोकांसमोर आली की चांगलं काम करणाऱ्या छोट्या दवाखान्यांचाच फायदा होईल.

तोवर कुठेही गेलात तर कचऱ्याच्या बादल्यांकडे नजर टाका. पिवळ्या पिशवीत रक्ताळलेला कापूस, लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज, निळ्या डब्यात काचेच्या बाटल्या, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. लाल पिशवीत सुई दिसली तर तिथलं प्रशिक्षण कच्चं आहे. ड्रेसिंगचं पाकीट उघडताना बाहेरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या आहेत का बघा. पण ती पट्टी पाकीट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, तापलं एवढंच सांगते. ड्रम ठासून भरला असेल तर मधल्या पाकिटापर्यंत वाफ पोहोचत नाही, म्हणून पाकिटाच्या आतही निर्देशक पट्टी हवी आणि जिवाणूंचे चिवट बीजाणू त्या वाफेने मरतात का, ही चाचणी नियमित हवी. त्या चाचणीची वही मागा.

आईंच्या केसपेपरची आणि रिपोर्टची प्रत हवी असेल तर साध्या कागदावर, आईंच्या सहीने अर्ज द्या. नियमानुसार ७२ तासांत मिळेल. फ्रिजची, ऑटोक्लेव्हची आणि थांबण्याच्या वेळांची वही यांत रुग्णांची नावं नसतात, त्यामुळे त्या कोणालाही दाखवता येतात. दुपारी १ ते ३ मध्ये काउंटरवर विचारा.

– रुग्णालयाचे संचालक