कोण गेलं गं?

आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा खाताना मोबाईलवर गाणं लावलं होतं. आवाज अगदी बारीक. तरी पलीकडच्या टेबलावरून आलंच, "कोण गेलं गं?" सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले, आणि घरी आल्यापासून त्याचाच जास्त राग येतोय.

गाणं होतं 'ऊना फुर्तीवा लाग्रीमा', म्हणजे एक चोरटा अश्रू. इटालियन संगीतकार डोनिझेत्तीच्या 1832 सालच्या 'लेलिझिर दामोरे' या ऑपेरातलं, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातलं. आणि कुणीही गेलेलं नाही हो! नेमोरिनो नावाचा भोळा शेतकरी पोरगा आदिनापायी झुरतोय. प्रेमाचं औषध म्हणून एका भोंदूने त्याच्या गळ्यात चक्क वाईन मारलीय. दुसऱ्या बाटलीच्या पैशांसाठी हा येडा सैन्यात भरती झालाय. आणि मग आदिनाच्या डोळ्यांत त्याला पाणी दिसतं. तिने लपवलेलं, त्याला दिसलेलं. एवढ्यावर अख्खं गाणं.

बाबांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "हा मामाला का हाक मारतोय?" तो बिचारा 'मामा, सी, मामा' म्हणत होता, इटालियनमध्ये 'तिचं माझ्यावर प्रेम आहे'. मग मी सांगितलं, याचा श्रीमंत काका वारलाय, इस्टेट याच्या नावावर झालीय आणि यालाच पत्ता नाही. "मग मामाच असणार तो!" माझे बाबा नाट्यसंगीतवाले, त्यांच्यापुढे काय बोलणार.

बरं, सुरुवात रडकी वाटते, मान्य. बासून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य घोगऱ्या आवाजात वाजतं. हसऱ्या नाटकात हे दुःखी गाणं कशाला, असं खुद्द त्याचे शब्द लिहिणाऱ्या रोमानीलाही वाटलं होतं म्हणतात. असेल. पण शेवटपर्यंत ऐका ना! दुसऱ्या कडव्यात सा तोच राहतो आणि कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो. खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं. शेवटपर्यंत थांबायला साडेचार-पाच मिनिटं लागतात, आणि तेवढी कुणाकडे नाहीत. रीलमध्ये वरचा सूर लागला की टाळ्या, संपलं.

बाबांनी मात्र थांबून ऐकलं. गायकांपैकी पावारोत्ती नको म्हणाले, जुन्या कारुझोचं 1904 चं खरखरणारं रेकॉर्डिंग पुन्हा लाव म्हणाले. ते संपल्यावर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "दादा तिकडे गेला त्या आठवड्यात तुझी आई कांदा न चिरताच डोळे पुसत होती. मी काही विचारलं नाही."

आई आत कुकर लावत होती. मीही काही बोलले नाही.

तर उद्या जेवणाच्या सुट्टीत हेच गाणं परत लागणार आहे, थोडं मोठ्याने. ज्यांना मयत वाटेल त्यांनी खुशाल दुसरं टेबल बघावं.